गोळीची खुशामत करणारी माती

तात्या, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परसातल्या त्या मातीवरून मी अजून धाकटीवर जळते. आधीच सांगून टाकते, म्हणजे मी शहाणी झाले असेन असा तुमचा गैरसमज नको.

ठाण्याच्या सरकारी हत्यारखान्यात तुम्ही मिस्त्री. खजिन्याच्या पहारेकऱ्यांसाठी विलायतेहून पिस्तुलाची नवी गोळी आली होती, टोकाला खळगा असलेली. जुनी गोळी आरपार जायची आणि दरोडेखोर पुढे येतच राहायचा. नवी आत शिरली की फुलते आणि माणूस जागीच थांबतो, असं साहेबाचं म्हणणं. खरं काय ते तुम्ही ठरवायचं होतं, आणि त्यासाठी तुम्हाला हवी होती खाडीची माती, मळून पेटीत घट्ट भरलेली. आई नव्हती. चुलीपाशी आम्ही दोघी बहिणी, तशा परसातही आम्हीच. तुमची मापंही स्वयंपाकघरातली. "ही पोळीची सैल झाली, मला पुरीची घट्ट हवी," म्हणायचात. मग वरून लोखंडी गोळा मातीवर सोडायचात आणि तो किती रुतला ते बोट घालून बघायचात.

तो दिवस अजून दिसतो: खाडीकाठी गोळ्या झाडून पेट्या बैलगाडीतून घरी आल्या आहेत. तुम्ही तारेनं माझी माती कापता. गोळीनं आत केलेल्या पोकळीला तुम्ही पोट म्हणता. माझ्या मातीत ते चांगलं नारळाएवढं. मी हरखते. धाकटीच्या मातीत तीच गोळी, पण पोट जेमतेम पेरूएवढं. तुम्ही माझी माती चिमटीत चुरडता. "अगं, तुझी माती सैल, ती गोळीची खुशामत करते. हिच्यावर विसंबून साहेबाला होकार दिला, तर पहारेकरी जिवानिशी जायचा. ह्यापुढं माती धाकटीच मळेल. तू भाताकडं बघ."

मी भाताकडे बघितलं. परसातून तुमचं दोघांचं बोलणं ऐकू यायचं, मधूनच हसणंही. दरोडेखोर घोंगडी पांघरून येतात, म्हणून तुम्ही पेटीवर घोंगडी बांधून पाहिलीत. खळग्यात लोकर भरली, गोळी फुललीच नाही, आणि तुम्ही नकार कळवलात. त्या संध्याकाळी पानावर बसल्यावरही तुमचा हात धाकटीच्या डोक्यावर होता. मी वाढत होते. तुम्ही वर बघितलं नाही. तो हात मला हवा होता, तात्या. तिच्या लग्नात कल्याणच्या व्याह्यांना म्हणालात, "हिच्या हाताला खोटं ठाऊक नाही." माझ्या लग्नात म्हणाला होतात, थोरली सुगरण आहे. लोकांना ते कौतुक वाटलं.

आता धाकटी माझ्याकडेच राहायला आली आहे. परवा वांगी चिरताना मी विचारलं, "तात्या तुझ्याकडून माती मळून घ्यायचे, आठवतं का गं?"

"कसली माती, अक्का? गणपतीची?"

मी पेट्यांचं सांगितलं, घोंगडीचं सांगितलं. ती म्हणाली, "असेल बाई. मला काहीच आठवत नाही." आणि पुन्हा वांगी चिरू लागली.

हे पत्र मी चुलीत घालणार आहे. घरात ठेवलं तर तिच्या हाती लागायचं. तिच्या डोक्यावरच्या तुमच्या हाताचं मी तिला सांगितलेलं नाही. तिला आठवत नाही, तर तो आता माझ्याकडेच राहू दे.