देवी आबांना काय म्हणाली

आई, आज वर्गात एका पोरीनं मला पेचात पकडलं. दौंडच्या कॉलेजात मी एक जुनं शोकांत नाटक शिकवते. मेलेला राजा भूत होऊन येतो, मुलाला सूड घ्यायला सांगतो, आणि शेवटी सगळं घराणं बुडतं. कुरकुंभच्या कंपनीत पॅकिंगला जाऊन शिकणारी ही मुलगी विचारते, “मॅडम, ते भूत खरंच येतं, का त्या पोराच्या मनातलंच बोलतं?” मी नेहमीचं उत्तर दिलं, की लेखकानं ते मुद्दाम मोकळं सोडलंय. तिचं समाधान झालं नाही. माझं तरी कुठं झालंय? मला कवठ्यातलं आपलं देवघर दिसत होतं.

मंगळवारी आरतीला तुझ्या अंगात यायचं. एरवी तू आबांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाहीस. सासरा म्हणून त्यांना ‘मामा’ म्हणायचीस, तेही जेवायला बोलावण्यापुरतं. पण वारं आलं की केस मोकळे, आणि आबांना थेट ‘म्हाताऱ्या’! ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं घर चिडीचूप व्हायचं, ते आबा हात जोडून ‘व्हय आई, व्हय आई’ करायचे. मला त्याची भारी गंमत वाटायची. मी मंगळवारची वाटच बघायचे.

दहावी झाली आणि आबांनी माझं लग्न शिक्रापूरला ठरवलं. पाहुण्यांना शब्द देऊन आले. दादांनी, म्हणजे तुझ्या नवऱ्यानं, आबा म्हणतील तसं, एवढं म्हणून मान खाली घातली. मी रडून घर डोक्यावर घेतलं, आणि तू आपली भाकरी थापत होतीस. तुझा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

मंगळवार येतो. तू घुमायला लागतेस. “म्हाताऱ्या, पोरगी माझी हाय. तिला शिकू दे. लगीन लावलंस तर माझ्या पायरीला येऊ नगंस.” आबा डोळे मिटून बसलेले. नेहमीचं ‘व्हय आई’ काही येत नाही. दिलेला शब्द मोडणं म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं. आणि मग तुझा आवाज एकदम खाली येतो.

“ऐका की वं, मामा.”

देवी कुणाला अहो-जाहो करत नाही. मामा तर नाहीच नाही. मला वाटलं, आता आबा ओळखणार. त्यांनी डोळे उघडले, तुझ्याकडं बघितलं, अगदी नीट बघितलं. मग वाकून तुझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, “व्हय आई.” दुसऱ्या दिवशी शिक्रापूरला जाऊन देवीचा कौल नाही म्हणून सांगून आले. त्या संध्याकाळी चुलीपुढं तू मला विचारलंस, काय झालं गं, मला तर काहीच आठवत नाही.

पुढं शिरूरच्या कॉलेजात आम्ही हेच नाटक बसवलं. तू बघायला आलीस. परत येताना एसटी स्टँडवर मी खडा टाकून बघितला, की ते भूत खरं होतं का गं? तू शेंगा सोलत म्हणालीस, “खरं-खोटं काय करायचंय? बापानं पोराला सांगितलं काय, ते बघ की. मारायला सांगितलं.” आणि कवठ्याची गाडी कधी लागते ते चौकशीला विचारून यायला मला पिटाळलंस.

त्या मुलीमुळं आज पुन्हा किडा वळवळतोय. आबांना कळलं होतं ना? कळूनही वाकले, की देवीच्या आडून त्यांनाही दिलेल्या शब्दातून सुटायचं होतं? आणि सुनेच्या पायांवर डोकं ठेवून ‘आई’ म्हणाले, ते नेमकं कुणाला? आबा गेले, तूही जाऊन किती वर्षं झाली. हे पाकिटात घालीन म्हटलं, तर पत्ता घराचा लिहू की देवळाचा, तेच ठरेना.

तू होतीस तेव्हा सरळ विचारता आलं असतं. नाही विचारलं. तू म्हणाली असतीस, देवीच बोलली गं. आणि खरं सांगते, मला ते ऐकायचं नव्हतं.