तीन फ्लोरा आणि एक पूल

प्रिय फ्लोरा,

तुझ्या नाताळच्या कार्डाला अजून उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. कार्डावर तू नेहमीसारखं ‘पोस्टातल्या फ्लोरास’ असं लिहिलंस आणि ते बरोबर माझ्याच दारात आलं. आपल्या गावातलं पोस्ट बंद होऊन किती काळ लोटला, पोस्टमास्तर बाबांना जाऊन त्याहून जास्त, तरी मी पोस्टातलीच राहिले. चर्चमध्ये इतकी वर्षं ऑर्गन वाजवला, पण कोणी मला ऑर्गनवाली म्हणेना. तिकडे ओटावात तुला सगळे न्यायमूर्ती मॅकव्हॅरिश म्हणत असतील. इथे तू अजून टेकडीवरची फ्लोराच आहेस. परवा दुकानात नव्या मुलीनं विचारलं, “त्या टीव्हीवर दिसतात त्या फ्लोरा मॅकव्हॅरिश इथल्याच का?” तर म्हातारा रॉरी म्हणाला, “कोणती? टेकडीवरची होय! तिच्या गायीनं आमचा कोबी खाल्ला होता.” तू मोठमोठे निकाल दिलेस, पण या गावात त्या कोबीची केस अजून चालूच आहे.

बर्फ वितळला आहे. खाडीचं पाणी मोकळं झालंय आणि पूल पुरा झालाय. तू पाहशील तेव्हा तुलाही चुकल्याचुकल्यासारखं होईल, कारण धक्क्यावर आता बोट नाही. आपण शाळेला जाताना त्या बोटीच्या कठड्याला टेकून थंड ओटकेक खायचो, आणि बोटवाली फ्लोरा आपल्या बापाशेजारी उभी राहून आपल्याला दटावायची, “तुकडे पाण्यात टाकू नका गं, पक्षी मागे लागतात!” तेव्हाही ती आपल्याहून मोठी असल्यासारखीच वागायची. सिस्टर बर्नार्डनं वर्गात “फ्लोरा मॅकव्हॅरिश!” असं पुकारलं की आपण तिघी एकदम उठायचो. शाई कोणी सांडली, प्रार्थनेत कोण हसलं, सिस्टरला कधी कळलंच नाही. “देवानं मला एका नावाच्या तीन मुली कोणत्या पापासाठी दिल्या?” असं म्हणून ती तिघींनाही बसवायची.

आता पुलाची गंमत ऐक. पुलाला नाव काय द्यायचं म्हणून हॉलमध्ये सभा भरली. कोणीतरी मागून ओरडलं, “फ्लोरा मॅकव्हॅरिश पूल!” आणि सगळ्यांचे हात वर गेले. या गावात एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मग चहा आला, आणि चहाबरोबर खरं काय ते बाहेर आलं. कोळ्यांनी बोटवालीसाठी हात वर केले होते. चर्चमधल्या बायकांना वाटलं, माझा सन्मान चाललाय. त्यातल्या दोघी तर मुके घेऊन माझे गाल ओले करून गेल्या. आणि आपला समितीचा अध्यक्ष, दुकानवाला अ‍ॅलिक, तुझा फोटो पितळी पाटीवर कोरून घ्यायचा ठरवून मोकळा झाला होता. मी म्हटलं, “अरे, पूल कोणामुळे झाला?” तर म्हणतो, “पोस्टबाई, बोटवालीला सरकारनं कामावरून काढलं होतं. तिचा चेहरा मंत्र्यांसमोर कसा लावायचा? न्यायमूर्तींचा शोभेल. आणि नाव तर एकच आहे, तिलाही पोचलंच की!” मी म्हटलं, “मग उद्या तुझा दात दुखला तर आपण तळ्याकाठच्या अ‍ॅलिकचा काढू. नाव तर एकच आहे.” हॉल हसला. अ‍ॅलिक हसला नाही. त्यानं पाटीचं काम सांगून टाकलं आहे. फक्त फोटोची जागा रिकामी आहे.

तू तेव्हा इथे नव्हतीस, म्हणून सांगते. वर्तमानपत्रात ‘फ्लोरा मॅकव्हॅरिश यांनी पुलासाठी आवाज उठवला’ एवढंच छापून आलं आणि बाहेरच्यांना वाटलं, आवाज तुझाच. मी मात्र त्या दिवशी बोटीवर होते. निवडणुकीच्या आधी मंत्री आले होते, लांब कोट घालून. वारा सुटला होता. खाडीच्या मधोमध आल्यावर बोटवालीनं इंजिन बंद केलं. मंत्री म्हणाले, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही, साहेब. मागच्या हिवाळ्यात ज्यूली बीटनला घेऊन आम्ही इथेच अडकलो होतो. बर्फ हलेना. बाळ वाचलं, ती नाही. तुम्हीही बसा जरा.” ते म्हणाले, “बाई, मला सभेला जायचंय.” ती म्हणाली, “तिला हॉस्पिटलात जायचं होतं.” बोट हेलकावत होती, मंत्र्यांचा चेहरा हिरवट झाला होता, आणि ती सुकाणूच्या चाकाला हात लावून उभी होती. पूल देतो असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटल्यावरच इंजिन सुरू झालं. आठवड्याभरात तिची नोकरी गेली. पूल झाला तर बोट जाणार, बोट गेली तर आपलं पोट जाणार, हे तिला आधीपासून ठाऊक होतं. तरी तिनं तो मागितला.

आता ती पलीकडच्या वृद्धाश्रमात असते. चालताना चौकटीची काठी लागते, जीभ मात्र तशीच आहे. मी ओटकेक घेऊन गेले तर म्हणाली, “यात साखर जास्त झालीय, तुझ्या आईचे बरे असायचे.” मी पाटीचं सांगितलं. “माझं तोंड पुलावर?” ती म्हणाली. “त्यावर समुद्रपक्षी घाण करतील, आणि बरोबरच करतील.” मी विचारलं, “आणि टेकडीवरचीचा फोटो लावला तर?” ती खिडकीतून पुलाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “पाणी फार खवळलं होतं गं त्या दिवशी. ती होती का तिथे?” तिनं तुझ्यावर राग धरलेला नाही. तो मी तिच्या वतीनं धरून बसले आहे, आणि सोडणार नाही.

तुला बक्षीस समारंभ आठवतो? बिशप आले होते, पाठांतराचं पदक द्यायचं होतं. दुसऱ्या कडव्याला तू अडखळलीस आणि तिथेच थांबलीस. बोटवाली खाडीवरून धावत आली होती, तिनं अख्खी कविता घडाघडा म्हटली. मग बिशपांनी पुकारलं, “फ्लोरा मॅकव्हॅरिश.” त्यांना काय ठाऊक, कोणती. आपण तिघी नेहमीसारख्या उठायला निघालो. तुझी आई मागच्या बाकावर बसली होती. तुझे वडील खाणीत दगावल्यानंतर काळ्या कपड्यांत ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. बोटवालीनं मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आणि मग स्वतः बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. मी बसले. तू पुढे गेलीस. त्या पदकामुळे हॅलिफॅक्सच्या कॉलेजनं तुला घेतलं, आणि चांगलंच झालं, तू आमची मान उंच केलीस. पण फ्लोरा, ती त्या दिवशी बापाचे रबरी बूट घालून आली होती. त्यांना नाडी नव्हती. हे मी पाहिलं होतं आणि तू तिच्या शेजारीच बसली होतीस. आपण दोघी याविषयी कधी बोललो नाही.

सोबत समितीचं आमंत्रण आहे. मैत्रीण म्हणून तुझ्याकडून चांगला फोटो मागवायचं काम अ‍ॅलिकनं माझ्यावर टाकलं आहे, आणि त्यासाठीच मी लिहायला बसले होते. तर ऐक, फोटो पाठवू नकोस. तू स्वतः ये. पुढच्या रांगेत आपल्या तिघींच्या खुर्च्या मी ओळीनं मांडायला लावल्या आहेत. अ‍ॅलिकला काय म्हणायचं ते म्हणू दे. नवे मंत्री फीत कापायला “फ्लोरा मॅकव्हॅरिश” असं पुकारतील. त्यांनाही ठाऊक नसेल, कोणती. सगळं गाव पाहत असेल, कॅमेरेही असतील. तेव्हा तू खाली वाक आणि बुटाची नाडी बांध. मीही वाकेन. सावकाश बांध, कारण तिला काठी टेकत तिथवर पोचायला वेळ लागतो.

तुझीच,
फ्लोरा