प्लायवूडच्या भिंतीपलीकडे

नारिन गाव. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. शाळेत कोळसा भरपूर आहे (असं फक्त डायरेक्टर म्हणतात).

आदरणीय बुरूल एजे,

तुला, लेकीला, जावयाला आणि मी अजून न पाहिलेल्या नातवाला या मानलेल्या धाकट्या बहिणीचा सलाम पोचो. गुडघे कसे आहेत? पायाच्या फुगलेल्या शिरांवर अजून ते घट्ट मोजे चढवतेस, की बिश्केकला गेल्यावर लाज सोडलीस? रक्तदाबाची गोळी तू शाळेत कायम तिसरा तास संपल्यावर घ्यायचीस. आता तासच नाहीत, मग घेतेस कधी, याचीच मला काळजी लागून राहिली आहे. तू म्हणशील, जिपार फोन करायचा सोडून पत्रं काय लिहीत बसली? तर एजे, फोनवर बोलावं लागतं आणि माझा आवाज गेलाय. बसला नाही, पार गेलाय.

पहिल्यांदा मला वाटलं, थंडी बाधली. शिक्षकांच्या खोलीत कळलं मात्र, सगळे डॉक्टर झाले. कवायतीच्या काचकिनने (तोच, जो मुलांना फुप्फुसांचं महत्त्व सांगून बॉयलरमागे सिगारेट ओढतो) दुंबा मेंढ्याची चरबी गरम दुधात ढवळून पाजली. मी ती नाक दाबून प्यायले आणि दिवसभर मला स्वतःचाच वास येत होता. मग रसायनाच्या बाईंनी उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं आणलं. डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफ घे म्हणाल्या. मी आत घामाघूम होत होते आणि बाहेर मीठ-लोणी शोधायची गडबड ऐकू येत होती. टॉवेल काढते तो काय, सगळे बटाट्यांसाठी रांगेत उभे. तुझी फार आठवण आली. तू असतीस तर मोठा बटाटा माझ्यासाठी लपवला असतास. सकाळपासून उपाशी राहायचं, दोन तासांच्या मधे उभ्या उभ्या तळलेले बोरसोक तोंडात कोंबायचे, वर कढत चहा ओतायचा आणि अंगणापलीकडच्या गारठलेल्या संडासात जावं लागेल म्हणून तोही अर्धाच प्यायचा, हे आपलं पथ्य. तरी आपण धडधाकट होतो ना गं? की तेव्हा बघायला वेळ नव्हता?

शेवटी दवाखान्यात गेले. तरणी डॉक्टरीण होती. तिने घशात आरसा घालून बघितलं आणि म्हणाली, स्वरतंतूंवर गाठी आल्यात, घट्टे पडावेत तशा. मग विचारलं, "घरी कोणावर एवढं ओरडता?"

मी कागदावर लिहिलं, बुरूल एजेवर.

"त्या कुठे असतात?"

लिहिलं, भिंतीपलीकडे. पण गेल्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या.

बिचारीने पेन खाली ठेवलं. तिला काय सांगू? जुन्या वर्गांचं छप्पर गळलं तेव्हा सभागृहात मधे प्लायवूड ठोकून दोन वर्ग केले होते, तेही तात्पुरते, दोन महिन्यांसाठी, हे तिच्या जन्माआधीचं. तू गणित शिकवायचीस ते माझ्या इतिहासात घुसायचं. मी आवाज चढवायचे, मग तू चढवायचीस. एका पोराने परीक्षेत लिहिलं होतं की कोकंदच्या खानाचं सैन्य काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरून चाल करून आलं. तू त्याला रस्ता जवळचा निवडला म्हणून शाबासकी दिलीस आणि मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही (भिंतीतून सोडून). आता तिकडे एल्दियार नावाचा मुलगा शिकवायला आलाय. पडद्यावर चित्रं दाखवतो, हलक्या आवाजात बोलतो, घरून डब्यात कोशिंबीर आणतो. पलीकडून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आणि मी मात्र इतके महिने त्या शांततेवर ओरडत राहिले, एजे. थांबायचं कसं, तेच कळेना.

आता नूरूझपर्यंत, म्हणजे वसंताच्या सणापर्यंत, एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर गाठी कापाव्या लागतील. डायरेक्टर म्हणतात, तोवर तास दुसऱ्या कुणाला द्यावे लागतील. त्यांची भाची डिप्लोमा घेऊन दारात उभीच आहे. तिने एकदा तास घेतले की ती कशाला परत देते? मग मला वाचनालयात बसवणार. तिथे पुस्तकांपेक्षा कोळ्यांची हजेरी चांगली असते. पण असू दे. तू काळजी करू नकोस. मला कशाची म्हणून गरज नाही. तुझी तब्येत सांभाळ, नातवाचा मुका घे.

तुझी धाकटी,
जिपार

ता. क. : चरबीचा उपाय कुणालाही सांगू नकोस.

पुन्हा ता. क. : गरज नाही असं वर लिहिलंय ते खरं नाही. माझे तास नूरूझपर्यंत घ्यायला डायरेक्टरांना मी तुझं नाव दिलंय. तुला न विचारता दिलं, रागाव हवी तेवढी. ते म्हणाले, गणिताच्या बाई इतिहास कशा शिकवतील? मी पाटीवर लिहिलं, माझा सगळा इतिहास त्यांनी भिंतीतून ऐकलाय, काही धडे तर माझ्याआधी पाठ झालेत त्यांना. ते हसले आणि तू सोमवारपर्यंत हजर झालीस तर चालेल म्हणाले. नंतर तास परत देणारी या जगात मला तू एकटीच माहीत आहेस.

शेवटचा ता. क. : अंथरूण घालून ठेवलंय, घट्ट मोजे घेऊन ये. वर्गात हळू बोल, पलीकडे एल्दियार असतो. आणि नाहीच जमलं तर बोल मोठ्याने. मी मागच्या बाकावर बसलेली असेन. इतके महिने झाले गं, वर्गातला तुझा आवाज ऐकला नाही.