ह्यांच्या घड्याळाचा पट्टा

चिंचवड, गुरुवार, संध्याकाळ

हे गेल्यापासून ह्यांचं घड्याळ पेटीतच होतं. परवा हातात बांधलं, तर कातडी पट्टा ढिला. हात वर केला की घड्याळ कोपराकडे घसरतं. त्यात माझ्या नणंदेचं, वन्संचं, सुरू झालं, "वहिनी, कातडं घालून देवापुढे दिवा लावायचा नाही हं."

म्हणून आज स्टीलची साखळी बसवून आणली. छान बसली. खालून एक बोट जाईल एवढीच सैल, आणि बांगड्यांसारखी गार. किती दिवसांनी!

पण वन्सं म्हणाल्या, "अगं बाई, हे तर कंकणच! विधवेच्या हातात? लोक काय म्हणतील?"

मग बांधू तरी कशानं? कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर घड्याळ पिनेनं छातीशी लावायच्या. मी पदराला लावू की काय? हिरमुसून कोनाड्यात ठेवून दिलं.

दिवा लावून परत आले, तर घड्याळ वन्संच्या मनगटावर. त्यांना लग्न कळायच्या आधीच वैधव्य आलेलं. त्या मनगटावर तेव्हापासून काहीच चढलेलं नाही. साखळीखाली बोट घालून हळूच फिरवत होत्या. मला बघून दचकल्या.

"किती वाजले ते बघत होते."

कारखान्याचा भोंगा तर आत्ताच झाला होता.

"राहू द्या थोडा वेळ," मी म्हटलं, "टोचते का ते तरी कळेल."

पानं वाढली तरी त्यांनी ते काढलं नाही. उद्या मी घालीन. बघू, वन्सं काय म्हणतात.