तू सगळ्या मशिनी बंद केल्यास तेव्हा

प्रिय दीपा,

एकाच घरात राहून बाप पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. तुझी आई आत्ताच हसून गेली. म्हणाली, आता पोस्टाचं तिकीटही चिकटवा.

मशीन नुसती ऐकून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगणारा मी. या कानांच्या जोरावर तळवड्यात कारखान्याची शेड उभी केली. आणि माझ्या पोटी तू, डोक्यात इम्प्लांट बसवून, कानामागे मशीन लावून ऐकणारी. चारजण एकदम बोलले की तुला शब्द जुळवायला वेळ लागतो, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण उत्तराआधी तू थांबलीस की नातेवाईक एकमेकांकडे बघायचे. ताथवड्याच्या कॉलेजात तोंडी परीक्षेलाही तेच.

म्हणून आज चाकणच्या कंपनीचे लोक ऑडिटला आले तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. ऑर्डर मोठी, आणि क्वालिटीची उत्तरं मीच देणार हा तुझा हट्ट. प्रेस धडधडतायत आणि ते तिघे एकदम सुरू: मागचा माल परत का आला, माप घ्यायचं गेज कधी तपासलं, पुन्हा होणार नाही कशावरून? तू एकाकडून दुसऱ्याकडे बघतेयस. एकजण माझ्याकडे वळून म्हणाला, काका, तुम्हीच सांगा ना. मी तोंड उघडलंही होतं राव!

तेवढ्यात तू हात वर करून मलाच थांबवलंस. फोरमन सरदारभाईंना खूण केलीस आणि सगळ्या मशिनी बंद! ऑडिटच्या दिवशी आपल्या धंद्यात बिघडलेली मशीनसुद्धा फिरती ठेवतात, पोरी. त्या शांततेत तू तिन्ही प्रश्न फळ्यावर लिहिलेस, आणि गेजचा आधी घेतलास, कारण बाकी दोन्ही प्रश्नांचं मूळ तिथंच होतं. झिजलेलं गेज दाखवलंस, नवं दाखवलंस, एकेक प्रश्न खोडत गेलीस. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी मध्येच तोंड घातलं तर हसून म्हणालीस, सर, तुमचा नंबर चौथा. अख्खी शेड हसली, साहेबही. संध्याकाळी त्यांचाच फोन: ऑर्डर आपली, आणि आमच्या मीटिंगाही मॅडमनाच घ्यायला लावा.

हे तोंडानं सांगता आलं असतं. पण दिवसभर ऐकून दमतेस, घरी आलीस की कानामागची मशीन काढून ठेवतेस. त्या तुझ्या निवांतपणात मला आरडाओरडा करत शिरायचं नव्हतं, आणि उद्यापर्यंत दमही निघत नव्हता. उद्यापासून शेडमधली सकाळची मीटिंग तू घ्यायचीस. माझ्या खुर्चीत बसून. मी मागे स्टुलावर, माझा नंबर येईपर्यंत गप्प. सरदारभाईंनी पैज लावलीय, मला जमणार नाही म्हणून.

तुझाच,
रांगेतला पप्पा