बुधाजी उठला की ब्रश खाली

१४ जुलै, सोमवार

आलं परत. डावा डोळा, डावं कानशील, डाव्या नाकपुडीतून पाणी. कारखान्यात गणपतींना अजून पांढऱ्या रंगाचा पहिला हातसुद्धा लागला नाही आणि ह्याचा सीझन सुरू झाला! दरवर्षी पावसाळ्यात येतं. महिना-दोन महिने रोज दुपारच्या चहाच्या सुमारास हजेरी लावतं आणि एक दिवस न सांगता निघून जातं. क्लस्टर हेडेक. लालबागमध्ये क्लस्टर म्हटलं की लोकांना रिडेव्हलपमेंट आठवतं. शेजारची तर म्हणाली, "डोकं काय, माझं पण दुखतं. बाम लाव."

बाम! डोळ्यामागे सळई फिरत असते आणि ही बाम लावतेय.

राहुल गोदीतून हाफ डे टाकून आला. ऑक्सिजनचा सिलेंडर त्याने जूनमध्येच भरून ठेवला होता. मास्क धरून बसला. मी त्याच्यावर खेकसले, हात लावू नकोस म्हणून. तरी मास्क सोडला नाही बिचाऱ्याने. नवरा चांगला आहे. त्याचंही तोंड बघवत नव्हतं तेव्हा, पण चांगला आहे.

१६ जुलै, बुधवार

परळच्या डॉक्टरीणबाईंकडे. रक्तात व्हिटॅमिन डी-थ्री तळाला गेलंय. आठवड्याची पुडी, रात्री मॅग्नेशियम, झोपताना मेलाटोनिन. आणि बजावून सांगितलं — ही मदत आहे, जादू नाही. अटॅक आला की ऑक्सिजनच, आणि तो जितका लवकर तितका बरा.

१८ जुलै

रात्री मॅग्नेशियम, सकाळी चाळीच्या संडासाची लाइन. पुढचं लिहीत नाही. शी.

२० जुलै, रविवार

रमाकांत भावोजी येऊन गेले. राहुलच्या बहिणीचे मिस्टर. पूर्वी इन्शुरन्स विकायचे, आता तब्येत विकतात. हिरव्या पावडरीचा डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं — शेवाळ चढलेल्या टाकीचा वास. "वहिनी, रूट कॉज पोटात असतं. डॉक्टर सांगणार नाहीत." वर माझा फोटो काढायला लागले. म्हणे 'बिफोर' पाहिजे. डोळा सुजलेला, नाक गळतंय, आणि ह्यांना फोटो!

एक ग्लास प्यायले राहुलच्या समाधानासाठी. मोरीत जाऊन ओकले.

जाताना भावोजी राहुलला जिन्यात सांगत होते, "आणि ते कारखान्यातलं मांजर. त्याच्या केसाने काय काय होतं तुला माहीत नाही." बुधाजीबद्दल बोलायची ह्यांची लायकी आहे का? स्वतःच्या कानातले केस कापा आधी.

२३ जुलै, बुधवार

बुधाजीबद्दल एकदा लिहून ठेवते. पिवळा बोका. एक कान फाटलेला, स्वभाव वाईट. तीन वर्षांपूर्वी एका बुधवारी कारखान्यात घुसला आणि राहिला. कोणाच्या मांडीवर बसत नाही. दिवसभर काथ्याच्या पोत्यावर पसरलेला. पण माझा अटॅक यायचा असला की उठतो. येतो, माझ्या डाव्या गुडघ्यावर डोकं घासतो, आणि मी ब्रश ठेवेपर्यंत हलत नाही. मला तेव्हा काहीही होत नसतं. डोळा स्वच्छ, हात स्थिर. मी ब्रश धुते, चालत घरी येते, मास्क लावते — आणि मग येतो तो. ऑक्सिजन आधीच सुरू असला की लवकर ओसरतो.

पहिल्या वर्षी लक्षात आलं नव्हतं. आता सगळ्या कारखान्याला माहीत आहे. लवूकाका शाडू मळता मळता ओरडतात, "गो बाय, तुझो बोको उठलो. ठेव तो ब्रश." बुधाजी उठला की ब्रश खाली. असा नियमच झालाय.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या अंगाचा वास बदलत असेल, हालचाल बदलत असेल, मला माहीत नाही. मला कशाने का होईना, चालतंय. मी आखणी करते. मूर्तीचे डोळे. रंग, दागिने, सगळं झालं की शेवटी माझं काम. आणि त्यात चुकायची सोय नाही. डोळ्यात रेघ हलली की गिऱ्हाईक मूर्ती घेत नाही.

२७ जुलै, रविवार

राहुल दादरला घेऊन गेला, भावोजींच्या मीटिंगला. एसी हॉल, परफ्यूमचा नुसता भपका. एक कोटवाला स्टेजवरून ओरडतो आणि खालचे सगळे "येस सर". गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात आणि लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात ना, तसंच. फरक इतकाच की तिथे नारळ तरी मिळतो. मला शिसारी आली. पण राहुल बघत होता कोटवाल्याकडे — तोंड उघडं टाकून. घरी येताना म्हणाला, "मेघना, मला तुझं ते डोकं धरून बसणं बघवत नाही गं. कोणी काहीही सांगितलं तरी मी करीन."

मी त्याचा हात धरला.

२ ऑगस्ट, शनिवार

गिरगावच्या मंडळाची माणसं मूर्ती बघायला आली. बुधाजी नेमका त्यांच्या मोठ्या मूर्तीच्या पायाशी पाय वर करून स्वतःला चाटत होता. झालं. "अप्पा, उंदराच्या मालकासमोर मांजर बसवलंय का?" सगळे खिदळले. एकाला हसू आलं नाही. म्हणाला, हे बरं नाही, बाप्पाजवळ घाण. पुढे त्याच्याच पायाखाली शाडूच्या ढिगात बुधाजीने केलेली घाण निघाली. माझ्या बाजूने बोलायची काही सोयच राहिली नाही.

अप्पांनी, म्हणजे कारखान्याच्या मालकांनी, मला बाजूला घेतलं. "चतुर्थीपर्यंत त्याला घरी ठेव." मी म्हटलं, घरी ठेवून काय उपयोग, मी इथे असते. "मग मला काहीतरी बघावं लागेल," म्हणाले.

काय बघणार?

५ ऑगस्ट, मंगळवार

बुधाजी नाही. पोतं रिकामं.

बोका आहे, फिरायला गेला असेल, असं सगळे म्हणतायत. तीन वर्षांत दुपारी एकदाही गेलेला नाही. अप्पांना विचारलं तर मान न वळवता म्हणाले, "मला काय माहीत." मान का नाही वळवली?

घरी पोचायच्या आधीच अटॅक. जिन्यात बसून राहिले. वरच्या मजल्यावरची बाई चप्पल वाजवत बाजूने गेली, तिला वाटलं मी पिऊन आलेय.

७ ऑगस्ट, गुरुवार

राहुलने रजा घेतली. म्हणाला, अप्पांचा टेम्पो काथ्या आणायला कॉटन ग्रीनला जातो, तिथेच सोडला असेल. दोघं गेलो. श्रावणात बांगडा मागितला म्हणून मासेवाली हसली. बुधाजीला आमिष म्हणून डोकी तेवढी घेतली. गोदामांच्या मागे कचरा, सडलेला कापूस, मेलेली घूस. राहुल नाकाला रुमाल लावून गटारावर वाकून "बुधाजी, बुधाजी" हाका मारत होता. वॉचमनने विचारलं, "कोण? काका हरवले का?" मी इतकी रडले आणि त्यातच हसले.

माझ्यासाठी हा माणूस घुशीच्या घाणीत उतरला. आणि अप्पा गादीवर बसून पानाला चुना लावतायत.

९ ऑगस्ट, शनिवार

लिहायला हात उठत नाही, पण लिहिते.

गिरगावच्या मोठ्या मूर्तीची आखणी. परांचीवर चढले होते. उजवा डोळा झाला. डाव्याची खालची पापणी ओढत होते आणि काही कळायच्या आत आला. काळी रेघ डोळ्याच्या कोपऱ्यातून थेट गालावर. मी परांचीच्या बांबूला धरून ओरडत होते. खाली मंडळाचा एक पोरगा मोबाईलवर शूट करत होता. मी ओकले, तेही शूट झालं. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर, खाली लिहिलेलं 'बाप्पा रडला'. माणूस मरत असतो आणि ह्यांना बाप्पा रडलेला दिसतो! थू.

अप्पा स्वतः वर चढले, ओल्या फडक्याने रेघ पुसली, पुन्हा रंगाचा हात मारला. उतरून गादीवर जाऊन बसले. मला जाब विचारतील कशाला? कोणामुळे झालं ते त्यांना माहीत आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

बोलले मी. सगळ्यांसमोर. म्हटलं, अप्पा, मुक्या जनावराला फेकून दिलंत, आता बाप्पासमोर कुठल्या तोंडाने उभे राहणार? तुमच्या हातचं पाणी पिणार नाही मी. अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाले, "एका बोक्यासाठी मी तुझ्या हातची आखणी घालवीन का? अक्कल आहे का तुला?"

लवूकाका मागून आले. "बाय, अप्पान नाय नेलो तो. मी सांगतंय."

लवूकाका अप्पांचाच माणूस. तो काय सांगणार?

घरी येऊन राहुलला सगळं सांगितलं. तो खाली बघत ऐकत होता. म्हणाला, "इतकं बोलायला नको होतं. म्हातारे आहेत ते." ह्याचं मन असं. कोणाचंही वाईट बघवत नाही.

१३ ऑगस्ट

मोठ्या मूर्तींना पेणहून दुसरा आखणीवाला बोलावला. मला घरगुती गणपती, तेही हातभर उंचीचे. तो बुबुळं अशी काढतो की सगळे बाप्पा घाबरलेले वाटतात. बघते आणि माझी पुढची मूर्ती ओढते.

१६ ऑगस्ट, शनिवार

अटॅक. कारखान्याच्या मोरीत, फरशीवर. कोणीतरी दारावर थाप मारून "किती वेळ?" विचारत होतं. सगळ्यांचा वीट आलाय. स्वतःचा तर सगळ्यात जास्त.

२० ऑगस्ट, बुधवार

आज नाही आलं.

२१ ऑगस्ट

आज पण नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

गेलं. ह्या वर्षी लवकर गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सीझन संपला, जसा दरवर्षी संपतो. डी-थ्री भरून निघालंय तेही चांगलं, पण श्रेय कोणाला देऊ नका. श्रेय! ते वाटून झालंसुद्धा. भावोजी 'आफ्टर'चा फोटो काढायला हजर. पावडर मोरीत जाते हे सांगितलं तर म्हणाले, "पहिला ग्लास गेला ना पोटात, तोच लागू पडला." शेजारीण म्हणते बाम.

मी फक्त कारखान्यात गेले आणि पोत्याकडे बघितलं. त्यावर आता रंगाचे डबे ठेवलेत. अप्पा समोरून गेले, मी मान फिरवली. त्यांनी नमस्कारासारखं काहीतरी केलं, अर्धवट.

२५ ऑगस्ट, सोमवार

बुधाजीला राहुलने नेलं.

काल रात्री जेवताना आपणहून बोलला, हसत — "बघ, मांजर गेलं आणि तुझं डोकं थांबलं." गावी सासूबाईंना फोन करून देवाला कौल लावायला सांगितला होता म्हणे. मांजर दूर केलं तर गुण येईल का? देवाने उजवा कौल दिला, म्हणजे होकार. मग पिशवीत घालून वडाळ्याला, मिठागराच्या बाजूला. आणि दोन दिवसांनी माझ्याबरोबर कॉटन ग्रीनला हाका मारत फिरला. "तुझ्यासाठीच केलं गं." आणि रडला. मी आज सकाळी वडाळ्याला जाऊन आले. नाही तिथे.

चहाची वेळ झाली. राहुल रजा टाकून बाहेर बसलाय. माझा डोळा कोरडा आहे, डोकं स्वच्छ.

येऊ दे. देवा, आज एकदा अटॅक येऊ दे, त्याच्यासमोर.