मानेजवळची पट्टी

माय, तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. उद्या नर्सताईंच्या सभेत मला दवाखान्यातल्या बुरशीवर बोलायचं आहे, आणि भाषण लिहिताना सारखी आपली बाभुळगावची न्हाणी आठवते. तू गावच्या दवाखान्यात आया होतीस. ड्युटीवरून आलीस की चुलीकडे न बघता आधी न्हाणीत जायचीस, लाल साबणानं कोपरापर्यंत हात घासायचीस. मी जयंतीचं भाषण ठोकून येतो, थेट टोपल्यातल्या भाकरीला हात घालतो, आणि तू मनगटावर उलथनं हाणतेस. "हात धुतले काय? तुह्या भाषणानं जंतू नाही मरत, बावा!"

शेवटी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तू न्यूमोनियातून सावरत होतीस. घशात नळी, म्हणून बोलणं बंद. मानेत दुसरी, औषध थेट रक्तात सोडायला. मी मोर्च्यातून आलो, मागे चार कार्यकर्ते. दारावरचा म्हातारा शिपाई म्हणाला, "एकेक जण जा, भाऊ. अन् हात धुऊन." मी गरजलो, "माह्या मायले भेटाले तुही परवानगी लागते काय?" तो बाजूला झाला, मी तसाच आत शिरलो. तुझ्या मानेजवळची पट्टी घामानं सुटली होती; मी ती बोटांनी दाबून बसवली. तू दोन्ही तळवे एकमेकांवर चोळू लागलीस. मला वाटलं, थंडी वाजते. मी चादर वर ओढली.

त्यानंतर सहाव्या दिवशी तुला ताप चढला. डॉक्टर म्हणाले, रक्तात बुरशी आहे आणि नेहमीच्या औषधाला ती दाद देत नाही. "बुरशी भाकरीले लागते, रक्ताले कायले लागंन?" मी ओरडलो. दुसरं औषध नागपूरहून आणलं. ते पोचलं तोवर तू थकली होतीस.

मग मी चौकाचौकात त्या दवाखान्याला फाडून काढलं. ते सगळं खोटं नव्हतं. खाटांचे कठडे नीट पुसले जात नव्हते, औषधं वाटेल तशी दिली जात होती, आणि अशानंच बुरशी औषधांना सरावते. पण पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, ही बुरशी कठड्यावर दिवसेंदिवस तग धरते आणि हातांवरून फिरते. तुझ्यापर्यंत ती कुणाच्या हातानं आली, हे आता कुणीच सांगू शकत नाही. त्या 'कुणीच'च्या आड मी इतकी वर्षं उभा आहे.

उद्याच्या भाषणात डॉक्टर आहेत, सरकार आहे, कठडे आहेत. तुझे चोळलेले तळवे नाहीत. आज सकाळी ती ओळ मी लिहिली होती, माय. मग खोडली.